गोठ्यातली कानडी

जून सरत आला की आमच्या गल्लीत दरवर्षी एका तरी घराची झोप उडते. यंदा समोरच्यांची उडाली आहे. त्यांच्या नातीला डॉक्टरकीच्या परीक्षेत बरे मार्क पडलेत, आणि घरातली चार माणसं चार मोबाईल धरून बसलेली असतात. आपल्या राज्यातलं कॉलेज धरायचं का बाहेरचं, कुठलं वर लिहायचं, कुठलं खाली. परवा ती पोर माझ्या पायरीवर येऊन टेकली आणि म्हणाली, "आजोबा, शालनआत्यांच्या वेळी तुम्ही कसं ठरवलंत?"

मी म्हटलं, "म्हशीनं ठरवलं."

ती हसली. म्हातारा चेष्टा करतोय असं तिला वाटलं असणार. पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि चहाचं निमित्त करून आत आलो. गौरा, माझी बायको, जाऊन दहा महिने झाले. आतल्या खोलीत तिचं लुगडं अजून दांडीवरच आहे. कुणी काढायला आलं तर मी शिवी देतो. तोंडानं सांगता येत नाही म्हणून हे लिहायला घेतलंय. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं लिहिताना बोलल्यासारखंच होणार.

या दिवसांना माझ्यापुरता एक वास आहे. ओल्या गोणपाटाचा, भिजवलेल्या पेंडीचा, आणि त्यात मिसळलेला प्लॅस्टिकच्या पिशवीचा. पिशवीत शालनचा, माझ्या पोरीचा, शाळा सोडल्याचा दाखला होता. घर आणि गोठा, दोन्हीकडं पाणी गळायचं म्हणून गौरानं तो पिशवीत घालून पेंडीच्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या अंगाला ठेवला होता. घरात दुसरी कोरडी जागा नव्हती. अजून कुठं पेंडीचा वास आला की वाटतं, उद्या शनिवार आहे आणि मी अजून काहीच ठरवलेलं नाही.

आमचा गोठा शिवाजी पेठेत. चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ त्यांना घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचं. गिऱ्हाईक आपापला ग्लास घेऊन उभं असायचं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. पाणी घातलंय का, हे विचारायची सोयच नाही. तालमीची पोरं, म्हातारे पैलवान, बाळंतिणीसाठी तांब्या घेऊन आलेली सासू, सगळे तिथंच उभे राहून पिणार, मिशा पुसणार आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणार. आमच्या पेठेत काय चाललंय हे कळायला पेपर लागायचा नाही.

गौरा चिकोडीच्या बाजूची. तिच्या माहेरी चुलीपासून देवापर्यंत सगळं कानडी. लग्नात तिच्या बापानं एक म्हैस दिली, चंद्री नावाची. म्हैस आणि बायको एकाच दिवशी घरात आल्या आणि दोघींनाही मराठी येत नव्हतं. बायकोचं नाव गौरव्वा होतं, आईनं ते गौरा केलं. मग तिला मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, कानडी शब्द तोंडातून निघाला की आई डोळे वटारायची आणि मी हसायचो. आईचा हुकूम होता की घरात माणसांशी मराठीतच बोलायचं, गोठ्यात काय बोलायचं ते बोल. म्हशीला कोण मराठी शिकवत बसणार?

तेव्हापासून गौराची कानडी गोठ्यात राहायला गेली. सकाळी अंधारात ती चंद्रीच्या अंगावरून हात फिरवत बोलायची. "बारव्वा" म्हणजे ये गं बाई. "सुम्म निंदर" म्हणजे गप उभी राहा. म्हैस विताना अंग थरथरायला लागलं की तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हणायची, "अंजब्याड, ना अदीनि." भिऊ नको, मी आहे. आणि धार संपली की पाठीवर दोन थापा मारून, "आतु, आतु." झालं, झालं. हे ऐकलं की चंद्री वळून आपल्या जागेवर जाणार. तिच्या पोटच्या म्हशी, नंतर त्यांच्या पोटच्या, सगळ्या हेच ऐकत मोठ्या झाल्या. एवढी कानडी ऐकून ऐकून मलाही कळायची. पण वीस वर्षांत एकदा तोंडातून काढली नाही. आपण पेठेतले, आपण कशाला बोलू?

शालन एकुलती एक. लहानपणापासून धारेच्या वेळी रेडकाचं दावं धरून आईजवळ बसायची. घरात तिला आई म्हणायची आणि गोठ्यात अव्वा. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी कान बंद ठेवले होते.

ती बारावीला चांगली पास झाली. ऐंशीच्या पुढचं एक-दोन साल असेल. आमच्या सगळ्या भावकीत बारावी बघितलेली ती पहिली. तिच्या कॉलेजातले बायालॉजीचे सर कट्ट्यावरचे आमचे गिऱ्हाईक. त्यांनी ग्लास हातात घेऊन मला समजावलं. आपल्या बाजूला सरकारी कॉलेज मिरजेचं. गेल्या साली तिथली यादी ज्या मार्काला थांबली, शालनचे मार्क नेमके तिथंच. लागलं तर लागलं, न्हाई तर न्हाई. दुसरं बेळगाव. ते कर्नाटकात. पण तिथं कानडी घरातल्या पोरांसाठी थोड्या जागा वेगळ्या असतात. मुलीची आई कानडी आहे, मुलीला बोलता येतं, मग अर्ज करायला काय हरकत? तोंडी परीक्षा घेतील एवढंच.

मी म्हटलं, "सर, आमचं घर मराठी हाय."

सर म्हणाले, "अर्ज घराचा नाही दत्तूशेठ, पोरीचा आहे." आणि ग्लास रिकामा करून गेले.

अर्ज दोन्हीकडं केले. माझ्या मनात बेळगाव नव्हतंच. करून ठेवायचा म्हणून केला. त्यावर मातृभाषेची एक ओळ होती, ती मी शालनला रिकामी ठेवायला लावली.

बेळगावच्या तोंडी परीक्षेला मीच घेऊन गेलो. एसटीत तीन तास ती खिडकीकडं तोंड करून ओठ हलवत होती. मला वाटलं बायालॉजी पाठ करते आहे. तिथं मला दाराबाहेर बाकड्यावर बसवलं. आत तीन माणसं. आतून मोठ्यानं हसू ऐकू आलं. एकदा, पुन्हा एकदा. माझ्या पोरीला हसतायत हे कळत होतं आणि मी बाकडं धरून बसलो होतो. कट्ट्यावर कुणी असा हसला असता तर त्याला ग्लासासकट नाल्यात घातला असता.

ती बाहेर आली ती लाल होऊन. एसटी निपाणीच्या पुढं आली. मग सांगितलं. एकानं कानडीत विचारलं होतं, पेशंट घाबरलेला असेल तर त्याला काय म्हणशील? तिनं आठवेल ते सांगितलं. ये गं बाई, गप उभी राहा, पाय उचल, भिऊ नको, मी आहे. तिला जेवढी येत होती ती सगळी कानडी म्हशीशी बोलायची होती. दोघं हसून हसून टेबलावर आडवे झाले. तिसरे होते ते म्हातारे डॉक्टर, ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ही कुठं शिकलीस? ती म्हणाली, गोठ्यात, आईकडून. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मराठीत म्हणाले, "भिऊ नको म्हणता येतंय न्हवं, मग बाकीचं शिकशील."

आठवड्यानं पत्र आलं. जागा मिळाली होती. शनिवारी दुपारी तीनच्या आत दाखला जमा करायचा, अर्ज पुरा भरून द्यायचा, खाली आईबापाच्या सह्या. आणि मिरजेची यादी लागणार होती सोमवारी.

ज्यांनी तसले दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. दाखला एक. नकला हव्या तेवढ्या काढा, कॉलेज घेणार तो अस्सल. शनिवारी बेळगावला दिला नाही तर ती जागा गेली. सोमवारी मिरजेच्या यादीत नाव निघालं नाही तर तीही गेली. मग पोरगी घरी, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते त्या काळात सगळ्या पेठेला माहीत होतं. माझ्या बहिणीनं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. हातात होता मंगळवार ते शनिवार.

दुसऱ्या बाजूनं ती एक ओळ. मातृभाषा. तिथं कन्नड लिहून खाली मी सही करायची. सीमाभागाच्या मोर्चात मी गेलतो. बेळगाव आमचं म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. कट्ट्यावर बातमी पोचायला एक सकाळ पुरली. दगडू पैलवान, माझ्या बरोबरीचा, रोज तांब्याभर पिणारा, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय रं दत्तू, बेळगाव आपलं म्हनून वरडलास, आनि आता तिथं शिरायला सोताच कानडी झालास व्हय?" लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. धार काढताना बोटं वळत नव्हती.

गुरुवारी दुपारी शालननं विचारलं, "आबा, काय करायचं?" मी तापलेलोच होतो. म्हटलं, "यादी लागू दे सोमवारी. नशिबात असंल तर निगंल नाव. माज्या पोरीची भाषा म्हशीची न्हाई. तसलं काय मी लिवून देनार न्हाई."

गौरा चुलीपाशी भाकरी थापत होती. थाप थांबली. मग परत सुरू झाली. वीस वर्षांत ती कशालाच काही म्हणाली नव्हती, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती गोठ्यात आली, शेण काढलं, पेंड घातली, म्हशी सोडल्या. पण तोंड मिटलेलं. एक शब्द नाही. गोठा एवढा गप मी कधी ऐकला नव्हता. म्हशी माना वळवून वळवून तिच्याकडं बघत होत्या. सकाळी दूध निम्मं आलं. हवा पालटली असेल म्हटलं.

संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी. गौरा म्हशी बांधून बाजूला पायरीवर जाऊन बसली, पदर डोक्यावर, हात मांडीत. मी चंद्रीखाली बसलो. पहिल्या चंद्रीची नात, तिलाही आम्ही चंद्रीच म्हणायचो. सड धुतले, रेडकू लावलं, काढलं, हात घातला. थेंब नाही. म्हशीनं पान्हा चोरला होता. कास दगडासारखी भरलेली आणि सडात काही नाही. पुन्हा रेडकू लावलं. पुन्हा तेच. तिनं पाय झाडला, चरवी उलटी झाली. आठ-दहा माणसं ग्लास घेऊन उभी. एका बाईचं पोर रडत होतं. दगडू पैलवान म्हणाला, "म्हैस संपावर गेली म्हनायची."

मी गौराकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर रस्त्याकडं वळवली. रागानं नाही. माणूस दमला की जसा बघतो तसं. आणि तिथं त्या शेणात उकिडवा बसलेला असताना मला कळलं की ही बाई वीस वर्षं माझ्या घरात कुणाशी तरी मनातलं बोलत होती, आणि ते या जनावराशी. काल मी तेही तोंड बंद केलं होतं.

मी चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकलं. ते गरम होतं आणि थरथरत होतं. म्हटलं, "बारव्वा." आवाज निघालाच नाही. खाकरलो. मग जरा मोठ्यानं बोललो, जसं ती बोलायची तसं, सावकाश. "बारव्वा. सुम्म निंदर. अंजब्याड. अंजब्याड, ना अदीनि." माझी कानडी किती वाकडी होती देव जाणे. चंद्रीचा कान हलला. तिनं मान वळवून मला हुंगलं. आवाज तिचा नव्हे, पण बोली आपलीच आहे, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिनं एक लांब श्वास सोडला आणि सड भरले.

पहिला ग्लास पैलवानाला दिला. त्यानं एका दमात संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाला, "कानडी दुदाला चव बरी हाय की रं." बाकीचे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. पायरीवर गौरानं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती का रडत होती ते मी विचारलं नाही.

घरी आल्याबरोबर शालनला अर्ज काढायला लावला. म्हटलं, त्या ओळीत लिही, कन्नड. तिनं माझ्याकडं दोनदा बघितलं, मग लिहिलं. मी खाली सही केली, नेहमीसारखी अक्षर अक्षर जोडत. मग गौरासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. सोसायटीच्या कागदावर, रेशनकार्डावर, सगळीकडं ती अंगठाच लावायची. मी चारचौघांत तिला अंगठाछाप म्हणायचो.

तिनं डबा बाजूला केला. हात पदराला पुसला आणि शालनच्या हातातलं पेन घेतलं. कागदावर वाकून, जीभ दातात धरून लिहायला लागली. गोल गोल अक्षरं, जिलब्या पाडल्यासारखी, एकाला एक लागून, ओळ कुठं वाकडी नाही.

मी विचारलं, "काय लिवलंस?"

"नाव. गौरव्वा."

"तुला लिवता येतंय?"

"तिसरीपातुर गेलते की शाळंत."

"मग वीस वर्सं अंगठा कशापायी लावलास?"

ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, "कुनी पेन दिलं?"

मी शाईच्या डब्याचं झाकण लावलं.

शनिवारी अडीचला आम्ही बेळगावच्या खिडकीपाशी होतो. पिशवीतून दाखला काढला तर त्याला पेंडीचा वास येत होता. कारकुनानं हुंगून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि फायलीत लावला. शालननं हुश्श केलं. मी केलं नाही. माझा सोमवार अजून जायचा होता.

सोमवारी मी कुणाला न सांगता मिरजेची पॅसेंजर धरली. कशाला गेलो? बघायला. माणूस दुखऱ्या दाताला जीभ लावून बघतो तसं. यादी इंग्रजीत होती. मला नाव वाचता येणार नव्हतं, म्हणून शालनचा नंबर तळहातावर लिहून नेला होता. फळ्यापुढं पोरं आणि बाप चेंगरून उभे. वरून बोट फिरवत आलो. नाही, नाही, नाही. बरं वाटायला लागलं. आपण केलं ते बरोबरच होतं, असं मनात घोळवत खाली आलो, आणि खालून दुसरा नंबर तळहातावरचा होता.

खात्रीसाठी शेजारच्या एका माणसाला वाचायला लावलं. त्यानं नाव वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लागलं की पावणं. पेढे काढा." तीन दिवसांत दाखला आणून द्यायचा होता. दुसरीकडं दिलेला दाखला जागा सोडली की परत मिळतो, हे त्या माणसानंच सांगितलं. बेळगावचा काढून आणायला एक दिवस पुरला असता.

परतीच्या गाडीत तळहाताला घाम सुटून आकडे पसरत गेले. घरी काय सांगायचं? सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला स्वच्छ दिसत होतं. गौरा म्हणाली असती, मग मिरजेलाच घाला, तुमाला बरं वाटंल तिथं. क्षणाचा वेळ घेतला नसता. शालननं मान हलवली असती. बेळगावचा अर्ज मागं घेतला असता, ती सही केरात गेली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून कानडी परत गोठ्यात. माझं घर होतं तसं झालं असतं, मराठी.

उंबऱ्यातच गौरा उभी होती. मी कुठं गेलतो ते तिनं ओळखलं होतं. विचारलं, "लागलं?"

मी तोंडावर बोलणारा माणूस. पेठेत त्यासाठीच बदनाम. तिच्या तोंडाकडं बघून म्हटलं, "न्हाई."

तिनं डोळे मिटून घेतले आणि उघडले. मग गोठ्यात गेली. जरा वेळानं तिचा आवाज यायला लागला. बारव्वा नाही, सुम्म निंदर नाही. सरसर, लांब लांब वाक्यं, मध्ये हसणं, शालनचं नाव, पुन्हा हसणं. चंद्रीला सगळी बातमी सांगत होती, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी पाण्यानं तळहात घासून घासून धुतला.

माझं खोटं फुकटात पडलं नाही, त्याचं मोल मी पुढं मोजलं. दुसऱ्या वर्षाला शालनला कावीळ झाली. कळायला चार दिवस लागले. हॉस्टेलच्या कॉटवर ती हळदीसारखी पिवळी पडलेली बघितली आणि वाटलं, मिरजेला असती तर सकाळच्या गाडीनं घरी आली असती. गौरा तिच्या उशाशी बसून होती आणि मी व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभा. तेव्हा सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. पोरगी उठली, पास झाली, डॉक्टर झाली. आता ती सीमेलगतच्या गावात दवाखाना चालवते. दोन्हीकडची माणसं येतात. सुटीत घरी आली की मायलेकी स्वयंपाकघरात कानडीत बोलत बसायच्या, इतक्या भराभर की भांड्याला भांडं लागल्यासारखं वाटायचं. मी बाहेरच्या खोलीत. माझ्याच घरात मी पावणा. हसू आलं की विचारायचो, काय गं, काय झालं? शालन म्हणायची, "तुमचंच चाललंय आबा." गौरा पहिल्यांदा माझी थट्टा करायला शिकली ती पन्नाशीला टेकल्यावर, तीही मला न कळणाऱ्या भाषेत.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, मग आठवड्यानं थोडी परत आली. आली ती कानडी. मराठी पुसून गेली होती. साठ वर्षं आमच्या घरात बोललेली मराठी पाटीवरून पुसावी तशी गेली आणि खालची मूळची तेवढी राहिली. मी पाणी हवं का म्हणायचो, ती माझ्याकडं बघत राहायची, जशी लग्नाच्या दिवशी बघत होती. शालन दवाखाना बंद ठेवून येऊन राहिली होती. ती आईचं मला सांगायची, माझं आईला. पोरगी मिरजेला शिकली असती तर त्या खाटेपाशी आम्ही तिघं मुक्यासारखे बसलो असतो. हे मी स्वतःला समाधान म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच.

एका दुपारी शालन औषधं आणायला गेली होती. आम्ही दोघंच. म्हटलं, आता सांगून टाकू. मी तिच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं, मराठीतच, मला दुसरं काय येतंय? मिरजेची यादी, खालून दुसरा नंबर, तळहात, उंबरा, न्हाई म्हटलं ते. चाळीस वर्षं पोटात धरलेलं एका दमात बाहेर आलं. म्हटलं, तुला विचारायला पायजे होतं, मी विचारलं न्हाई, ठरवून मोकळा झालो, नेहमीसारखा.

ती ऐकत होती. डोळे माझ्यावर होते. पण कळलं काहीच नसणार. माझा चढलेला आवाज तेवढा कळला असेल, कारण ती घाबरली. डावा हात चादर धरून थरथरायला लागला.

मग माझ्याकडं होतं ते काढलं. तिच्या कपाळाला कपाळ टेकलं. ते गरम होतं. म्हटलं, "अंजब्याड, गौरव्वा. अंजब्याड. ना अदीनि."

थरथर हळूहळू थांबली. तिनं एक लांब श्वास सोडला. चादर सुटली आणि तो हात माझ्या पाठीवर आला. दोन थापा मारल्या, हलक्या, कट्ट्यावर मारायची तशा.

"आतु," ती म्हणाली. "आतु."

त्यानंतर ती पाच दिवस होती, पण माझ्याशी बोललेले तेवढेच दोन शब्द. शालनला यातलं काही माहीत नाही. हे ती वाचेल तेव्हा तिला कळेल.

आणि समोरच्या पोरीला सांगायचं राहिलंय. उद्या परत पायरीवर आली तर सांगणार आहे की बाई, कुठलंही वर लिही, कुठलंही खाली. पण लिहायच्या आधी तुझ्या घरात जी कुणी गप बसलेली असेल, तिच्या हातात एकदा पेन दे.